आईच्या खोलीतला प्लग

"बंद कर तो पंखा! बिल कोण भरतं?" आईवर खेकसत मी स्वतःच बटण बंद केलं.

तिच्या खोलीत माझी मुलगी अभ्यासाला बसायची, पण तिथवर वायफाय पोचत नव्हतं. म्हणून विजेच्याच वायरिंगमधून इंटरनेट नेणारी अडॅप्टरची जोडी आणली होती. वायरमनने एक हॉलमध्ये राउटरला जोडला, दुसरा इथे लावला. त्याचा दिवा काही हिरवा होईना.

"भंगार माल!" मी ओरडलो.

"माल चांगलाय, साहेब. दोन्ही प्लग एकाच मीटरवर असावे लागतात. ही खोली तुमच्या मीटरवर नाहीये." त्याने मेन स्विच पाडला. अख्खं घर बंद पडलं. मग त्याने आईचा पंखा लावला. तो गरगरा फिरू लागला.

वायर भिंतीपलीकडे गेली होती, धाकट्या भावाच्या घरात. वाटणीनंतर आठ वर्षं मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. आईला टाकून वेगळा झाला म्हणून गावभर त्याला शिव्या घालत होतो.

"तुला ठाऊक होतं?" मी आईवर भडकलो. "मग रोज पंखा बंद का करू दिलास? बोलली का नाहीस?"

पंख्याकडे पाहत आई म्हणाली, "बोलले असते, तर तू ती वायर तोडली असतीस."