वेस्टगेटची तार

मोठ्या साडूच्या आधी घाट चढला, तर जावयाला मिळणार काय होतं? सासरच्या चार माणसांत कौतुक, बस्स. तेवढ्यासाठी त्याने सासऱ्यांच्या जीपचं बॉनेट गुपचूप उघडलं.

इंजिनात जास्तीची हवा कोंबून जोर वाढवणाऱ्या टर्बोला वेस्टगेट नावाचं झाकण असतं. दाब फार वाढला की ते उघडतं आणि इंजिनाचा जादा धूर बाजूने सोडून देतं. जावयाने ते तारेने बांधूनच टाकलं. जीप अशी सुटली, की शेजारी बसलेले सासरे, नाना, म्हणाले, "जावईबापू, जरा दमानं!" पण शेवटच्या वळणावर टर्बो किंचाळला, काळा धूर आला आणि जीप थांबली.

मागून साडूची गाडी आली, सगळी मंडळी उतरली. घाटमाथ्यावरून आणलेल्या मिस्त्रीने विचारलं, "ही तार कोणी बांधली? टर्बो फुटलाय."

नानांनी एकदा जावयाकडे पाहिलं. नाना म्हणाले, "मी."

"नाना, या वयात शर्यत?" साडू खो खो हसला. सगळे हसले, जावईही हसला. साडूने त्याच्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं, गाडी तुझ्यासारख्या शहाण्याच्या हातात होती."

हवं होतं ते कौतुक जावयाला मिळालं. टर्बो नानांचा गेला, हसंही नानांचंच झालं, आणि जावयाला त्यांच्याकडे बघवेना.