थंडावा

"ओल नेमकी कुठे आहे?" दारात बूट काढता काढता तपासनीसाने विचारलं, आणि घरात असलेली तिन्ही मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

हा शब्द त्या घरात कुणी काढत नसे. घर सासऱ्यांनी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलेलं, त्यात ओल असेलच कशी? असलाच तर थंडावा. कपाटातल्या कपड्यांवर बुरा चढला, थंडावा. रंगाचे पोपडे निघाले, थंडावा. सुनेच्या जिभेलाही तेच वळण पडलं होतं. परवा डॉक्टरांनी लेकीच्या छातीला नळी लावली आणि विचारलं, "घरात ओल आहे का?" तर ही पटकन म्हणाली, "नाही हो, जरा थंडावा आहे." डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. तिला स्वतःचीच इतकी चीड आली की घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी तिने घर तपासणाऱ्याला फोन लावला.

"इन्स्पेक्टर बोलावलाय?" सासरे म्हणाले होते. "का, खून पडलाय घरात?" नवऱ्याने मात्र "मला मध्ये ओढू नका" म्हणत आज लवकरच ऑफिस गाठलं होतं.

"लेकीच्या खोलीत," सून आता तपासनीसाला म्हणाली. "पलीकडे बाथरूम आहे, त्या भिंतीला."

"थंडावा आहे तिथे," सासऱ्यांनी चूक सुधारली.

सगळे खोलीत गेले. सासूबाईंच्या कडेवर नात होती. तिच्या छातीतली घरघर न सांगता ऐकू येत होती. भिंतीवर निळा कागद, त्यावर पांढरे गुबगुबीत ढग. नात व्हायच्या आधी सासऱ्यांनी हौसेने लावून घेतला होता. तपासनीसाने खिशातून छोटं यंत्र काढून एका ढगावर टेकवलं. यंत्र किंचाळलं. थोडं खाली टेकवलं, तर गप्पच बसेना.

"भिंतीचा ताप बघताय काय?" सासरे म्हणाले. "यंत्र बिघडलंय तुमचं."

तपासनीसाने ते समोरच्या भिंतीला लावलं. तिथे ते गुपचूप राहिलं.

"आत पाइप गळतोय बहुतेक," तो म्हणाला. "कागद काढून बघावं लागेल. पण मालकांनी हो म्हटल्याशिवाय मी हात लावत नाही."

"मालक नाही म्हणतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची! चला, चहा घ्या आणि निघा." सासऱ्यांनी हाक मारली, "मालकीणबाई, चहा टाका!"

मालकीणबाई म्हणजे सासूबाई. घर बांधताना कागदोपत्री सोयीचं म्हणून सासऱ्यांनी ते बायकोच्या नावावर केलं होतं. तेव्हापासून चहा हवा झाला, मोजे सापडेनात, की मालकीणबाईंच्या नावाने हाक. घरातला तो ठरलेला विनोद होता. सगळे हसत, सासूबाईही हसत.

आज सून हसली नाही. "बाबा, तिला झोपेत श्वास पुरत नाही."

"पोरं खोकतातच. आमचा हा नाही खोकायचा? झालाच ना मोठा?"

"ही ओल आहे, बाबा." सून म्हणाली. "ओल. कागद निघणार नसेल तर मी लेकीला घेऊन निघते. आत्ता."

"कुठे जाणार?"

"जिथे थंडावा नसेल तिथे."

सासऱ्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. सासूबाईंनी नातीला सुनेच्या हातात दिलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. भांडी वाजली. चहाच टाकतायत, दुसरं काय, सुनेच्या मनात आलं, आणि तिला एकदम फार एकटं वाटलं.

सासूबाई परत आल्या त्या हातात उलथणं घेऊन.

"तोही ह्याच खोलीत झोपायचा," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"आपला. खोकायचा तो." मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अहो, घर माझ्या नावावर आहे ना?"

"म्हणजे काय, मालकीणबाई!" सासरे सवयीने हसले. बाकी कुणीच हसलं नाही.

"मग मालकीण हो म्हणतेय."

तपासनीस पुढे झाला, पण त्यांनी त्याला हातानेच थांबवलं. जिथे कागदाच्या दोन पट्ट्या जुळत होत्या तिथे उलथण्याची कड खुपसली. जोर लावावाच लागला नाही. ओल्या पोळीसारखा कागद लोंबत खाली आला आणि खोलीभर कुबट वास सुटला. मागची भिंत काळी पडली होती. जमिनीपासून थेट पाळण्याच्या उंचीपर्यंत बुरशी फोफावली होती आणि तिच्यातून पाण्याचा एक ओघळ शांतपणे खाली येत होता.

सुनेने लेकीचं तोंड आपल्या खांद्यात दडवलं. तिला रडायला येत होतं आणि कधी नव्हे इतकं बरंही वाटत होतं.

सासरे भिंतीकडे बघत राहिले. मग खाली. काहीतरी बोलायला हवं म्हणून पुटपुटले, "चहा राहिला तो..."

"तुम्ही टाका," सासूबाई मागे न वळता म्हणाल्या. "मालकीणबाई कामात आहेत."

आणि त्यांनी पुढच्या ढगाखाली उलथणं घातलं.