मुलुंड टॉवर

ढगात शिरल्यावर बाहेरचं काहीच दिसत नाही, तेव्हा नुसते काटे बघून आणि टॉवरचं ऐकून विमान चालवायचं, ही परीक्षा माझा नवरा धवल कॅनडात देणार होता. जायच्या आधी मुलुंडच्या घरात रोज सराव चालायचा. तो टोपी नाकापर्यंत ओढून बसायचा आणि मी वेडी, चपात्या लाटता लाटता इंग्रजीत सूचना सोडायचे. लाडात आला की मला 'मुलुंड टॉवर' म्हणायचा. हे नाव सासूबाईंनाही माहीत नव्हतं.

आज त्याची परीक्षा. तिथे उजाडलं असेल म्हणून धीर द्यायला फोन केला. एका बाईने जांभई देत उचलला.



"ऊठ ना रे," ती हसत त्याला म्हणाली, "तुझ्या मुलुंड टॉवरचा फोन आहे."