धक्का कोणी सोसायचा

भिंतीतला पाइप गप्प झाला, तर भाऊंचा दुहेरी फायदा होता: पाळण्यातला नातू दचकून उठणार नव्हता, आणि मग भाऊंनाही दुपारी डोळा लावता येणार होता. सध्या नळ बंद केला रे केला, की भिंतीतून धाडकन आवाज यायचा.

"पाइप आवळतो," प्लंबर म्हणाला, "पण वर हवेची एक बंद नळीही बसवू. धावतं पाणी अचानक अडलं की धक्का मारतं. तो कोणीतरी सोसायलाच हवा. नळीतली हवा सोसते."

"नव्या रंगाच्या भिंतीला शिंग कशाला? नुसतं आवळा."

"घर तुमचं," म्हणत त्याने पाइप आवळला आणि तो गेला.

भाऊंनी स्वयंपाकघरातला नळ सोडून झटकन बंद केला. भिंत गप्प. मागे उभ्या असलेल्या बायकोच्या हातातला चहा मात्र सांडला.

"मला ढकललं कोणी?"

"तुला ढकलायची छाती आहे कोणाची या घरात?" भाऊ हसले आणि त्यांनी पुन्हा नळ सोडून बंद केला.

ती ओट्यावर आपटली. कपाळातून रक्त आलं. भाऊंचं हसू मावळलं.

न्हाणीघरात नळ धो धो वाहत होता. लेक बाळाचे कपडे धूत होती.

"अगं, नळ बंद करू नकोस!" भाऊ ओरडले.

"काय म्हणताय, बाबा?" नीट ऐकू यावं म्हणून तिने नळ बंद केला.

भाऊंना काही झालं नाही. बायको जागची हलली नाही. भिंतीच्या रंगावर ओरखडाही उठला नाही.

आतल्या खोलीत पाळणा धाडकन वाजला.