तिघींची चाल

अपंगांना घोड्यावर बसवून उपचार करणाऱ्या त्या केंद्रात मावशी दर शनिवारी हौसेने यायच्या आणि घोडीचा लगाम धरून पुढे चालायच्या. उजवा गुडघा दुखतोय हे मात्र त्या कुणाला कळू देत नव्हत्या. कळलं असतं, तर प्रशिक्षक बाईंनी लगाम काढून घेतला असता.

आज रिंगणात धुकं उतरलं होतं. घोडीवरची मुलगी डोळे मिटून डुलत होती. जन्मापासून तिने एकही पाऊल टाकलं नव्हतं; पण घोडी चालू लागली की तिची कंबर चालणाऱ्या माणसासारखी हलायची.

"मावशी, पाय दुखत नाहीत ना?" कुंपणापासून बाईंनी विचारलं.

"ठणठणीत! तुमच्याआधी नाही थकायची मी."

तिसऱ्या फेरीला मुलगी म्हणाली, "बाई, कंबर भरून आली. जरा थांबूया?"

बाई उशी आणायला आत गेल्या. धुक्यात तिघीच उरल्या. मुलगी घोडीच्या मानेवरून वाकून कुजबुजली, "उजवा ना?"

मावशी चपापल्या. "तुला कुणी सांगितलं?"

"हिनं. तुमचं पाऊल जसं पडतं, तसंच ही टाकते. पहिल्या फेरीपासून माझी कंबर उजवीकडे अडखळतेय."

मावशींनी लगाम घट्ट धरला. "बाईंना सांगणार?"

"छे हो! मी आयुष्यात पहिल्यांदाच लंगडतेय. तुमचं दुखायचं थांबलं की आणखी एक फेरी मारूया ना."