दुखलं तर हात वर करा

आमच्या दातांच्या डॉक्टरांना सिनेमाचं भारी वेड. त्यावरची मतं ते पेशंटच्या तोंडात ड्रिल घातल्यावरच सांगतात, कारण तेव्हा कुणी वाद घालत नाही. मला खुर्चीत आडवं केल्यावर म्हणाले, “दुखलं तर हात वर करायचा, ताई. मी लगेच थांबतो.”

दाढ कोरता कोरता त्यांनी कालच पाहिलेला खुनाचा सिनेमा काढला. “सुरुवात रटाळ आहे, पण शेवट बघाल तर उडालच.” मी हात वर केला. त्यांनी थांबून हिरडीत एक इंजेक्शन दिलं आणि पुढे चालू. “सगळ्यांचा संशय नवऱ्यावर.” पुन्हा हात, पुन्हा इंजेक्शन. “आणि खुनी कोण, तर अंथरुणाला खिळलेली सासू. चांगली धावते की ती.” मी दोन्ही हात वर केले, तर दोन इंजेक्शनं मिळाली.

शेवटी ओठ, जीभ, हनुवटी, काहीच माझं उरलं नव्हतं. कागद मागून लिहिलं, “दुखत नव्हतं. आज संध्याकाळची त्याच सिनेमाची तिकिटं काढली आहेत.”

डॉक्टरांनी दोनदा वाचलं. “अहो ताई, मग तेव्हाच बोलायचं ना.”