पाय वर केलेला राजा

देवकाबाईने पुन्हा पुस्तक उलटं धरलं होतं. चित्रातल्या राजाचं डोकं खाली, पाय आभाळात, आणि ही बया खुदुखुदु हसत होती.

केशोराव टेबलामागून बघत होता. नागपुरात मॅट्रिक होऊन सत्तावन्न साली त्याच्या कपाळी सडक अर्जुनीचं नवं वाचनालय आलं, आणि वाचक कोण, तर पायाला धानाच्या बांधीतला चिखल घेऊन येणारी ही विधवा. दर बाजाराच्या दिवशी यायची, लोककथांचं रंगीत चित्रांचं तेच एक पुस्तक मागायची आणि तासभर बसायची. गाढवापुढे वाचली गीता, असं तो ज्याला त्याला सांगे.

पहिल्या दिवशी कीव येऊन त्याने पुस्तक सरळ करून दिलं होतं. तिने शांतपणे परत फिरवलं.

"शाळेत गेलीस का कधी?" त्याने विचारलं.

"भावाले शिकवाले गुरुजी घरी येत. मी समोर कंदील धरून बसत होती जी."

"कंदील धरून विद्या येत असती, तर घरोघरचे खांब पंडित झाले असते."

हे वाक्य त्याला इतकं आवडलं, की त्याने ते गावभर ऐकवलं.

आज उठताना ती म्हणाली, "बाबूजी, आठ दिवस घरी न्याले द्या. एकच गोष्ट राहिली हाये."

"गोष्ट? चित्र म्हण, बाई." त्याने पुस्तक काढून घेतलं आणि तिच्यादेखत खणात टाकलं. दिवाळीत भाचीला द्यायला त्याने ते कधीचं हेरून ठेवलं होतं. या अडाण्यांच्या गावात एका पुस्तकाचा हिशोब कोण विचारतो?

पुढच्या बाजाराला वाचनालयाचे अध्यक्ष ईश्वरदास शेठ पुस्तकं तपासायला आले. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अरे भाई, वो रंगीन किताब कहाँ है? मी स्वतः आणली होती."

"नोंद दाखवतो, शेठजी."

देवकाबाई तेवढ्यात येऊन टेबलापलीकडे उभी राहिली. तिला आजही तेच पुस्तक हवं होतं. केशोरावला हसूच आलं. त्याने शेठजींकडे पाठ करून वही उघडली, टाक शाईत बुडवला आणि तिच्या नाकासमोर ठळक अक्षरात लिहायला घेतलं. खांबापासून काय लपवायचं?

दोन ओळी झाल्या. तिसरी सुरू झाली तेव्हा देवकाबाई किंचित वाकली आणि शेठजींना नीट ऐकू जाईल अशा आवाजात, न अडखळता बोलू लागली.

"'देवकाबाईने पुस्तक घरी नेले व हरवले. सबब तिला यापुढे...' हात बाजूले घ्या जी, बाबूजी. पुढचं दिसून नाही राहिलं."